सिद्राममामा, दोष माझ्याच भिंतीवर होता

घरातलं इंटरनेट रखडलं की तुम्ही सगळ्यात आधी कुणाला शिव्या घालता? कंपनीला, सरकारला की केबलवाल्याला? खरं सांगा, अशा वेळी आधी स्वतःच्या भिंतीकडे बघणारा एक तरी माणूस तुमच्या घरात आहे का?

आमच्या गल्लीत असा एकच माणूस होता, आणि त्याला जाऊन आज तेरा दिवस झाले. मामा, प्रश्न मी वाचणाऱ्यांना विचारलाय, पण पुढचं सगळं तुमच्याशीच बोलणार आहे. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, हे लिहिणार नाही. ते तुमच्या लेकीनं, महादेवीनं पेपरात दिलंय, फोटोसकट. फोटोत तुम्ही इतके गंभीर दिसताय की सुगलामामींनी पेपर लांब धरून विचारलं, "ह्यो कोन सायेब हाय?" आणि मग स्वतःच हसल्या. तुमच्या घरात दुःखसुद्धा फार वेळ गप्प बसत नाही.

तुम्ही टेलिफोन खात्यातले लाइनमन. निवृत्तीनंतर आमच्या शेजारच्या घरात राहायला आलात, तेव्हा मी कॉलेजात होते. पहिल्याच दिवशी तुम्ही माझं नाव विचारलंत. मी "क्रांती" म्हटलं. तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "लई मोठं हाय. क्रांतव्वा म्हंतो." वळसंगकडचं तुमचं कानडी माझ्या नावाला असं चिकटलं ते कायमचं. बाबांनी यंत्रमाग कामगारांच्या सभेत जाहीर करून ठेवलेलं नाव तुम्ही एका मिनिटात घरातलं करून टाकलंत. मला तेव्हा रागच आला होता.

माझा राग तुम्हाला ठाऊक आहे. तो मला घरातून मिळालाय. बाबा युनियनचे, आणि आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. माझा 'ज' जाहीर सभेचा आणि 'म' मागण्यांचा. दिवाळीत इतरांच्या घरी आकाशकंदिलाचा कागद यायचा, आमच्याकडे छापायला आणलेला गुलाबी कागद उरलेला असायचा, आणि आमचा आकाशकंदील त्याचाच. पत्रकाच्या खाली स्वतःचं नाव नसेल तर ते वाटायचं नाही, हा बाबांचा नियम. तो मी कधी मोडला नाही. पुढे जो घोळ झाला, त्याच्या खालीही माझंच नाव होतं.

घोळ आता मी पहिल्यापासून सांगते. तुम्ही हजर होतात, तरी पुन्हा ऐका. तुम्ही सांगायचात त्यात तुम्हाला हवे तेवढेच विनोद असायचे.

मी घरी बसून पुस्तकांची पानं लावते. जुना टेबलावरचा संगणक, मागच्या खोलीत. इंटरनेटची पेटी पुढच्या खोलीत, दाराशी. तिथून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेनं मी एक लांब वायर नेली होती. वायफायवर माझा विश्वास नव्हता; जे डोळ्यांना दिसतं तेच खरं, हा माझा बाणा. गल्लीत जोडणी देणारा अंबादास, कोपऱ्यावर दुकान असलेला. विणकरांच्या घरातला, मराठी बोलताना मध्येच तेलुगूत हिशेब करणारा, पन्नाशीचा माणूस. त्यानं मला शंभरचा वेग दिलाय असं सांगितलं होतं. माझ्या संगणकावर मोजला तर नऊ.

एकदा नऊ, दोनदा नऊ. सकाळी नऊ, दुपारी साडेनऊ. एका पुस्तकाची चित्रं पाठवायला अर्धा दिवस लागायचा. मी पेटी बंद करून चालू केली. संगणक बंद करून चालू केला. संगणकात गुपचूप काही उतरवून घेणारे सगळे उद्योग बंद पाडले. संगणकाला पूर्ण हिस्सा मिळावा म्हणून घरातल्या सगळ्या फोनांचं वायफाय तोडलं, बाबांच्या फोनाचंसुद्धा. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तरी नऊच.

कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या बाजूनं सगळं बरोबर दिसतंय." मामा, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रेशन दुकानात हेच, दवाखान्यात हेच, शाळेच्या ऑफिसात हेच. ज्याच्याकडे खुर्ची आहे त्याच्या बाजूनं सगळं नेहमी बरोबरच दिसतं. मी फोन ठेवला आणि पत्रक लिहायला बसले.

मथळा होता: 'कष्टकऱ्यांच्या गल्लीला नऊ, बंगल्यांना शंभर?' खाली तीन कलमं. पहिलं, आमच्या गल्लीचा वेग जाणूनबुजून कमी ठेवलाय. दुसरं, कंपनी तक्रारीला सरळ उत्तर देत नाही. तिसरं, स्थानिक जोडणीवाला अंबादास आपला वेग मधल्यामध्ये चोरून दुसऱ्यांना देतो. तिथं मी एक शब्द लिहिला, ठळक अक्षरात. वेगचोर.

तो शब्द मला फार आवडला होता. हे आज कबूल करते. लिहिला तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून त्याच्याकडे बघत बसले होते.

घरोघर जाऊन सह्या घेतल्या. आपल्या गल्लीत सही मागितली की माणूस आधी सही करतो आणि मग विचारतो कशाबद्दल. नेट मंद आहे असं कुणाला वाटत नाही? एकतीस घरांनी सह्या दिल्या. तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर लसूण सोलत बसला होतात. पत्रक हातात घेतलात, वाचलात, घडी घालून खिशात ठेवलात.

"सही, मामा."

"करतो की. आधी बघू तरी."

"काय बघायचंय?"

"रोग कुटं हाय ते. घरातली वायर बघितलीस का?"

"मामा, प्रश्न वायरचा नाहीये. प्रश्न व्यवस्थेचा आहे."

"व्हय की," तुम्ही म्हणालात. "पर ती व्यवस्था तुझ्या घरात वायरीतनंच येती न्हवं?"

मी ताडकन निघून आले. मला वाटलं, सरकारी नोकरी केलेला माणूस, लढायची सवय मोडलेली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पत्रक दुसऱ्या दिवशी वाटलं. अंबादासच्या दुकानाच्या शटरशेजारच्या लाकडी फळीवरही एक लावलं, स्टेपलगनच्या दोन टाचण्या मारून.

त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही आलात. पाठीवर ती खात्याची चामडी पिशवी, जी मामी दर दिवाळीला टाकून द्यायला काढायच्या. दारातच म्हणालात, "क्रांतव्वा, आधी ते काम्पुटर हिकडं आन."

"कुठे?"

"पेटीपशी. रोग्याला डागदरकडं न्यायचं का डागदरला भिंतीवरनं चालवायचं?"

मी वाद घातला, पण बाबा माझ्यावर रुसलेलेच होते, त्यांनी मुकाट्यानं संगणकाचा डबा उचलला. मी त्याचा पडदा, म्हणजे मॉनिटर, घेऊन आले. पुढच्या खोलीत जागा नव्हती म्हणून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. तुम्ही पिशवीतून हातभर लांबीची वायर काढलीत, एक टोक पेटीत, एक संगणकात. "बाकी समदं काढ. एक पेटी, एक वायर, एक काम्पुटर. तिसरं कोन नको. आता मोज."

चौऱ्याण्णव आले.

मी पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव. बाबा घसा साफ करून स्वयंपाकघरात गेले. ते तिथं हसत होते हे मला भिंतीतून ऐकू येत होतं.

तुम्ही हसला नाहीत. त्याबद्दल मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. तुम्ही पुन्हा लांब वायर जोडायला लावलीत आणि मला पडद्यावर एक आकडा दाखवलात, जो मी कधी उघडून पाहिलाच नव्हता. जोडणीचा वेग: दहा. हातभर वायरीवर तिथंच शंभर दिसत होतं. "हे बघ," तुम्ही म्हणालात. "पेटी आन काम्पुटर आधी एकमेकाला इचारत्यात, किती जोरात बोलू? वायर चांगली असली तर म्हंत्यात, बोल जोरात. वायरीत खोट असली तर दोघं बी दबकत बोलत्यात. म्हागं कंपनीनं शंभर देऊ दे न्हायतर हजार. ह्या दोघांचं ठरलं दहा, तर दहाच."

मग तुम्ही डोळे मिटून भिंतीच्या कडेनं चालत गेलात, वायरीवर अंगठा फिरवत. मी मागून. "निधान, यव्वा, निधान," तुम्ही कानडीत म्हणालात, सावकाश चल म्हणून, कारण मी तुमच्या टाचा तुडवत होते. मधल्या दाराच्या वर, कॅलेंडरच्या मागे, तुमचा अंगठा थांबला.

"ही वायर कशानं बसवलीस?"

मी कॅलेंडर सरळ करायला लागले.

"क्रांतव्वा."

"स्टेपलगननं."

"कसल्या?"

"पोस्टरच्या."

आमच्या घरात भिंतीवर काहीही बसवायचं असलं की हात आपोआप तिकडेच जातो, मामा. लहानपणापासून मी दुसरं हत्यार पाहिलेलं नाही. इतर लोक वायरीला प्लास्टिकच्या क्लिपा मारतात. मी सभेचे फलक लावायच्या यंत्रानं, सभेचे फलक लावायच्या जोशात, सगळी वायर ठोकत गेले होते. चाळीस टाचण्या तरी असतील. एकोणचाळीस वायरीच्या वरून गेल्या होत्या. दाराच्या वरची एक आरपार गेली होती. तुम्ही पकडीनं ती हळूच उपसलीत तेव्हा कवचाला दोन बारीक भोकं दिसली आणि त्यात तांबं चमकलं.

"आत तारांच्या चार जोड्यांचा संसार हाय," तुम्ही म्हणालात. "तू एका जोडीत खिळा ठोकलास. आन मग म्हंतीस शेजाऱ्यानं काडी घातली."

तेव्हा मात्र बाबा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उघडपणे हसले. तुम्हीही. मग मीही. पोट दुखेपर्यंत हसलो तिघं. नव्या वायरीला तुम्ही स्वतः क्लिपा मारल्यात, दारापाशी वळण सैल ठेवलंत, आणि संगणकानं त्या दिवशी अर्ध्या दिवसाचं काम चहा उकळेपर्यंत पाठवून दिलं.

हसून झाल्यावर तुम्ही खिशातून माझं पत्रक काढलंत. घडी तशीच होती. इस्त्रीच्या टेबलावर उलगडलंत आणि तिसऱ्या कलमावर बोट ठेवलंत.

"आता ह्येचं काय?"

इथून आपलं भांडण सुरू झालं, मामा, आणि ते अजून मिटलेलं नाही.

तुमचं म्हणणं एका ओळीचं होतं: दुसरं पत्रक काढ, त्यात लिही की पहिलं चुकलं. माझी म्हणणी पुष्कळ होती. एका चुकीची जाहिरात केली की पुढच्या खऱ्या लढ्याला कोण सही देईल? कंपन्या काय स्वतःच्या चुका छापतात? आपण कमजोर लोक, आपण आपल्याच हातानं आपलं हत्यार बोथट का करायचं? शिवाय दुसरं कलम खरंच आहे. फोनवरच्या त्या मुलीनं मला एकही प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही सगळं ऐकलंत. लसूण सोलता सोलता ऐकायचात तसं.

"मी खांबावर चुकीची जोडी जोडली तर काय करायचो?" तुम्ही विचारलंत.

"काय?"

"पुन्ना खांबावर चढायचो. दुसरं काय करनार? खाली हुबं ऱ्हाऊन वरडलं तर जोडी सुदरती व्हय?"

"खांब आणि चळवळ वेगळी असते मामा."

"असंल की. मी खांबावरचा मानूस."

तेवढं एक वाक्य मला कुठल्याही भाषणापेक्षा जड गेलं. तुमचं समाधान करायला मी एक मधला मार्ग काढला. सह्या दिलेल्या एकतीस घरी जाऊन खरा वेग मोजायचा. तुम्ही लगेच तयार झालात. पिशवी, हातभर वायर, आणि मी वही घेऊन.

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या दुपारी होत्या. एका घरी पेटी स्टीलच्या डब्यात ठेवली होती, धूळ बसू नये म्हणून, वर झाकण. एका घरी पेटीवर लोकरीचा विणलेला झगा, त्यावर गणपती. तुम्ही गणपतीला नमस्कार करून आधी त्याला हलवलंत, मग झगा. एका काकूंनी वायर वाळवणाच्या दोरीसारखी ताणून तिच्यावर ओले रुमाल टाकले होते आणि तुम्हाला म्हणाल्या, "नेट लई गरम हुतंय वो मामा, म्हणून." तुम्ही अजिबात न हसता म्हणालात, "बरोबर हाय, पर आता गार झालंय, काढा." बाहेर आल्यावर खांबाला टेकून हसलात.

एकतीसपैकी दोनच घरांचा दोष बाहेरचा निघाला. हातभर वायर पेटीला थेट लावूनही वेग येईना. मला इतका आनंद झाला की तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "आगं, लोकांचं नेट बंद हाय, तुजं लगीन न्हाय."

आपण अंबादासकडे गेलो. तुम्ही दोन घरांची नावं सांगितलीत, काय काय मोजलं ते सांगितलंत, आवाज न चढवता. तो त्याच दिवशी शिडी घेऊन आला, खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं होतं, तो जोड नवा केला. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरं शंभरला पोचली. माझ्याकडे शत्रूच उरला नाही. त्याचा मला राग आला, हेही आज सांगून टाकते.

पण त्या दिवशी दुकानात मी एक गोष्ट पाहिली. एक माणूस जोडणी बंद करायला आला होता, आणि अंबादासनं कारण विचारलं तर तो हसत म्हणाला, "काय वेगचोर, आता कारण बी सांगू व्हय?" अंबादासनं अर्ज पुढे केला. त्याच्या मागे भिंतीवर त्याच्या वडिलांचा मागावर बसलेला फोटो होता. मी त्या फोटोकडे बघत राहिले, कारण समोर बघवत नव्हतं.

किती घरं त्याला सोडून गेली ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून गेले आणि म्हटलं, "अंबादासभाऊ, माझी चूक झाली." तो म्हणाला, "बरं ताई." चहा मागवला. आम्ही चहा प्यालो. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही मला सांगितलं, ते बरं केलं. पण मला तर आधीच म्हाईत होतं की मी चोर न्हाय."

हे मी तुम्हाला मोठ्या फुशारकीनं येऊन सांगितलं. माफी मागितली म्हणून. तुम्ही ओट्यावर होतात. हातातली लसणाची पाकळी सोलून संपवलीत. मग म्हणालात, "पत्रक गल्लीत वाटलंस. माफी कानात सांगितलीस."

मी तुमच्याशी आठ दिवस बोलले नाही.

मग बोलायला लागले, कारण तुमच्याशी न बोलणं जमायचंच नाही. तुम्ही मामींच्या हातची शेंगाचटणी कागदात बांधून खिडकीच्या गजातून आत सारायचात आणि निघून जायचात, जणू पोस्टमन. आपण पुन्हा हसायला लागलो, पुन्हा कुणाकुणाचं नेट बघायला जायला लागलो. पण दर दोन-चार दिवसांनी तुम्ही विचारायचात, "कागद झाला का गं?" आणि मी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात, मामा."

शेवटचं विचारलंत तो मंगळवार होता. मी तेच उत्तर दिलं. तुम्ही म्हणालात, "तुजा म्होरला आठवडा लई लांबचा असतोय की." मी म्हटलं, "मामा, तुम्ही माझे कोण लागता पत्रकं तपासायला?" थट्टेतच म्हटलं. तुम्हीही थट्टेतच घेतलंत, मान हलवलीत, लसणाची सालं फुंकून टाकलीत. शुक्रवारी तुम्ही गेलात.

मला माहीत आहे, ते थट्टेतलंच होतं. तरी ते वाक्य परत घ्यायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही माझे कोण लागत होतात, ते मला आता नीट सांगता येतं, आणि ऐकायला तुम्ही नाही.

मातीच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. महादेवी बाळंतपणानंतर दवाखान्यात, बंगळुरात. तिला येता येत नव्हतं. मामींना एकच लागलं होतं, पोरीला बापाचं तोंड दिसू दे. फोनवर चित्र सारखं अडकत होतं. अंगणात माणसं दाटलेली आणि प्रत्येकाचा फोन चालू. मी माझा संगणक कॅमेऱ्यासकट तुमच्या अंगणात आणायला निघाले आणि तुमच्या घरातल्या पेटीपासून तिथवर वायर कशी न्यायची हेच कळेना. मागे वळले तर दारात अंबादास उभा. खांद्यावर वायरीचं नवं वेटोळं.

त्यानं कुणाला काही विचारलं नाही. एक टोक पेटीत खोचलं, ओसरीवरून, लोकांच्या पायांच्या कडेनं वायर नेत अंगणात आला. मी खुर्चीवर चढून दाराच्या चौकटीवर ती धरून उभी होते, तो खालून चिकटपट्टी देत होता. मला हुंदका आवरत नव्हता. त्यानं वर बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "ताई, ह्येला टाचणी मारू नका."

मामा, मी तुमच्या मातीच्या दिवशी, तुम्ही लिंगायतांच्या रीतीनं समोर बसवलेले, फुलांत, भस्म लावलेले, आणि मी खुर्चीवर उभी राहून हसले. रडत रडत हसले. तोही हसला. मामींनी विचारलं काय झालं, त्यानं सांगितलं, तर त्याही पदरात तोंड घालून हसल्या. "ह्यास्नी आवडलं असतं," म्हणाल्या. मग अंबादासनं आधी वेग मोजून बघितला, आणि मगच महादेवीला लावलं. शेवटपर्यंत चित्र एकदाही अडकलं नाही. तिनं तुम्हाला नीट बघितलं. बाळालाही पडद्यासमोर धरलं तिनं.

परत जाताना त्यानं वायर गुंडाळली, मला "येतो ताई" म्हणाला आणि चपला शोधायला लागला. तिथं पायरीवर बसलेल्यांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "वेगचोरानं काम बरं केलं हां." कौतुकानंच म्हणाला. अंबादासनं ऐकलं. चपला घातल्या आणि गेला.

मी तिथं उभी होते. ते नाव मी दिलेलं. ते त्याच्या चांगल्या कामालाही आता चिकटून चालत होतं. आणि मी पुन्हा काहीच बोलले नाही, कारण तुमच्या अंगणात तो विषय नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तुम्हाला माहीत आहे. पंधरा-वीस माणसं होती तिथं.

त्या रात्रीपासून हे लिहितेय. आपलं भांडण पूर्ण मिटलंय असं समजू नका. दुसरं कलम मी मागे घेत नाही. 'आमच्या बाजूनं सगळं बरोबर दिसतंय' हे वाक्य अजूनही अन्यायाचं वाक्य आहे, आणि ज्यांना फोनवर ते ऐकवलं जातं त्यांच्या बाजूनं मी उभी राहणार. फक्त आता उभं राहण्याआधी मोजणार. तुमची हातभर वायर मामींनी मला दिली. "पिशवी टाकायला काढली न्हाय ह्या खेपी," एवढंच म्हणाल्या. आणि एका गोष्टीत तुम्ही बरोबर होतात, मी चुकीची: ज्यांनी सह्या दिल्या त्यांच्याकडून खरं लपवणं म्हणजे त्यांच्या बाजूनं उभं राहणं नव्हे. मीही त्यांना एवढंच सांगत होते की माझ्या बाजूनं सगळं बरोबर आहे.

तेव्हा हे घ्या, मामा. उशिरा, पण छापलेलं.

मी, क्रांती, या गल्लीत वाटलेल्या पत्रकात अंबादासवर वेग चोरल्याचा आरोप केला होता. तो खोटा होता. दोष माझ्या घरातल्या वायरीत होता, ती वायर मी स्वतः खराब केली होती, आणि हे मला पत्रक वाटल्यानंतर दोनच दिवसांत कळलं होतं. तरी मी गप्प राहिले. पहिलं आणि तिसरं कलम मी मागे घेते.

हा कागद मी त्याच एकतीस घरांत, त्याच क्रमानं, स्वतः वाटणार आहे. दारात कुणाला काही विचारायचं असेल तर मी थांबेन. आणि प्रत्येक दारात माझी एकच विनंती असेल. माझ्या शब्दामुळे तुम्ही अंबादासची जोडणी सोडली असेल, किंवा त्याला एकदा तरी, थट्टेत का होईना, त्या नावानं हाक मारली असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या दुकानात जा. दुकान रिकामं असताना जाऊ नका. चार माणसं असतील तेव्हा जा, आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा की ते खरं नव्हतं.